बिननावाचा नारळ

नवलाईच्या देवळात नारळ ठेवायला वैदेही गेली, तेव्हा तिचा नारळावर विश्वास नव्हता. देवीवर होता, पण तोही दहावीच्या निकालापुरता. ती मिरजोळ्याच्या अलीकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. आठवीच्या वर्गात 'कार्यकारणभाव' हा शब्द फळ्यावर लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढायची. पण त्या दिवसांत तिला कार्य तेवढं दिसत होतं, कारण सापडत नव्हतं, आणि असं झालं की शिकलेली माणसंही देवळाची वाट धरतात.

कार्य असं, की परसातलं हापूसचं कलम वाळत चाललं होतं.

हे कलम तिच्या वडिलांनी बांधलेलं. गोपाळकृष्ण संगमेश्वरला पोस्टात कारकून. आठवडाभर शिक्के मारायचे आणि रविवारी कलमं बांधायची, असं त्यांचं आयुष्य गेलं. लग्नानंतर वैदेही पहिल्यांदा माहेरपणाला जाऊन परतताना त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून हे कलम तिच्या मांडीवर ठेवलं आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभं राहून सूचना दिल्या. पाणी किती, शेण किती, ऊन कुठलं. शेवटी म्हणाले, "पहिल्या मोहराला मी येईन बघायला." मोहर यायच्या आदल्या वर्षी ते गेले.

यंदा पौषात कलम मोहरलं. वैदेही तीन वर्षांच्या सानवीला कडेवर घेऊन त्याच्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "हे बघ, आजोबा."

सानवीनं वर बघितलं, खाली बघितलं आणि विचारलं, "कुठे?"

प्रश्न रास्त होता. वैदेहीनं तिचा पापा घेतला आणि विषय बदलला.

मोहरावर तुडतुडे आले म्हणून तिनं फवारणीचा पंप काढला. बॅटरीवरचा हा पंप यज्ञेशनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, बोनसमधून घेतलेला. पण वाडीत तो सार्वजनिक विहिरीसारखा वापरला जायचा. कुणाच्या काजूवर, कुणाच्या चवळीवर. नियम एवढाच की वापरला की तीनदा धुवायचा आणि पडवीत आणून टांगायचा. वैदेहीला शाळेची घाई होती. तिनं टाकीत तुडतुड्यांचं औषध ओतलं, वर पाणी भरलं आणि कलम शेंड्यापर्यंत न्हाऊ घातलं.

आठवडा होतो न होतो तोच मोहर काळा पडला. पानं आत वळली आणि चुरगळलेल्या कागदासारखी झाली. औषधांच्या दुकानदारानं तिच्या मोबाइलवरचे फोटो मोठे करून बघितले.

"ताई, पंपात तणनाशक होतं. गवत मारायचं औषध. कुणीतरी वापरलंय आणि धुतला नाही. आणि आपणही भरायच्या आधी टाकीत बघायचं असतं."

यातलं शेवटचं वाक्य वैदेहीला ऐकू आलं नाही.

"जगेल का?" तिनं विचारलं.

"बघा," दुकानदार म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या 'बघा'त सगळं आलं.

पंप शेवटचा नेला होता शेजारच्या सदूनं. वैदेही तडक त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. सदू बैलांना पेंढा घालत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वयनी, म्या गवताचं औषध मारीनच कशाला? गवत मारलं तर ह्ये दोगं काय खातील, माजं डोकं?"

युक्तिवादात खोट नव्हती. बैलांनीही त्याच वेळी वर बघितलं. पण रागावलेल्या माणसाला युक्तिवाद नको असतो, माणूस हवा असतो. वैदेही सदूशी बोलायची बंद झाली आणि त्याची बायको विमला समोरून आली की मोबाइलमध्ये बघायला लागली.

"मी नवलाईला नारळ ठेवणार," तिनं घरी जाहीर केलं.

कोकणात नारळ ठेवणं म्हणजे काय ते सांगायला नको, तरी सांगते. ज्यानं आपलं वाकडं केलं त्याच्या नावानं देवीपुढे नारळ ठेवायचा, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, आणि पुढचं देवीनं बघायचं. पोलिसांत जाण्यापेक्षा हे सोपं, आणि समोरच्याला जास्त लागतं.

सासूबाई कोयती घेऊन नारळ सोलत बसल्या होत्या. त्यांचं नाव कुसुम. सून आणि लेक दोघंही त्यांना आई म्हणत. त्यांनी मान वर केली नाही. "नारळबिरळ नको ठेवू गो. सोडून दे. झाडच ते."

हेच वाक्य बोलायला नको होतं. वैदेहीनं त्यांच्या पुढ्यातला सोललेला नारळ उचलला आणि चप्पल घातली.

भागोजी गुरव देवळाच्या पायरीवर क्रिकेट बघत होते. त्यांनी षटक संपेपर्यंत थांबायची खूण केली आणि मग फोन खिशात टाकून आत आले.

"कुणाच्या नावानं?"

"नाव माहीत नाही."

"म्हणजे बिननावाचा. चालतो. जरा जास्त फिरतो, एवढंच." त्यांनी नारळाची शेंडी देवीकडे केली. "काय व्हावं म्हणता?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याचे हातपाय जावेत, घरात भांडण लागावं, धंदा बसावा. लोक सांगतात तसं मी म्हणतो."

वैदेही गडबडली. अभ्यासक्रम इतका विस्तृत असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "तेवढं नको. त्याला घास गोड लागू नये."

"कधीपर्यंत?"

"कबूल होईपर्यंत."

भागोजींना मागणी किरकोळ वाटली. पण गाऱ्हाणं त्यांनी मन लावून घातलं. "हे देवी नवलाई, ज्या कुणी ह्या लेकीच्या पंपात गवताचं औषध घातलं आणि पंप न धुता ठेवला, जो कबूल होत नाही, त्याला घास गोड लागू देऊ नकोस." बरोबर कुणी नव्हतं, तेव्हा "व्हय महाराजा" वैदेहीलाच म्हणावं लागलं. मोकळ्या देवळात तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

बातमी तिच्याआधी वाडीत पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात विमला उभी. हातात स्टीलचा डबा.

"ह्यो तुमचा डबा. गणपतीत करंज्या दिल्या होत्याव, त्यातला. रोज देयाचं म्हणत होतो नि राहून जात होतं."

"बरं."

"नारळ ह्याच्यापायी नव्हता ना?"

"पंपापायी होता."

"पंपाचं मना काय ठावं नाय," विमला म्हणाली. "डब्याचं मात्र सांगा हां देवीला."

तिच्या पाठोपाठ हरिश्चंद्रकाका आले. हे कोर्टातून निवृत्त झालेले. पायजम्याची नाडी सारखी करत ते पडवीत बसले आणि बराच वेळ हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, "वैदेही, तुमचा पेपर रोज सकाळी फाटकात पडतो ना. तो आधी मी वाचतो. मग घडी घालून परत ठेवतो."

"मला माहीत आहे, काका. शब्दकोडं सोडवलेलं असतं."

"पेन्सिलीनं," काका म्हणाले. "मी नेहमी पेन्सिलीनंच सोडवतो."

संध्याकाळी वरच्या घरातल्या काकू आल्या. चहा घेतला, दुसरा कप घेतला, आणि उंबऱ्यापाशी थांबून म्हणाल्या, "तुझ्या लग्नात मी चारचौघींत म्हटलं होतं हो, मुलगी सावळी आहे म्हणून."

"मी सावळीच आहे, काकू."

"तरी," काकू म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला.

असं चाललं. कुणी अळवाची पानं न विचारता तोडलेली, कुणी सानवीला दृष्ट लावलेली. बिननावाचा नारळ खरंच फिरत होता. ज्यानं त्यानं तो आपल्यासाठीच ठेवलाय असं धरलं होतं. वाडी इतकी नीट वागायला लागली की ओळख पटेना.

"पंप सोडून सगळं कबूल झालं," वैदेही जेवताना यज्ञेशला म्हणाली.

"मीपण सांगू का?" यज्ञेश म्हणाला.

"काय?"

"काही नाही," तो म्हणाला आणि ताक मागितलं.

सुरुवातीला वैदेहीला या रांगेची मजा वाटली. मग कंटाळा आला. आणि मग कधीतरी, काकू गेल्यावर उष्टे कप विसळताना, तिला कसंसंच वाटलं. इतकी बारीकसारीक पापं, आणि माणसांनी ती इतकी वर्षं जपून ठेवलेली, चिंधीत बांधलेल्या सुट्या पैशांसारखी. तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. कुणावर तिचा रागही नव्हता. तरी येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आठवीतल्या पोराचं, गृहपाठ न आणलेल्या पोराचं भय होतं. ते भय तिनंच घरोघर वाटलं होतं.

सदू मात्र आला नाही. हा तिला पुरावा वाटला.

या सगळ्यात आईंचं जेवण कमी कमी होत गेलं. आधी पोळी सुटली, मग आमटी. ताटात भाताचा ढीग इकडून तिकडे व्हायचा आणि शेवटी मांजराकडे जायचा. "तोंडाला चव नाही," त्या म्हणायच्या. रत्नागिरीत डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे सगळं. सानवीच्या वाढदिवसाला शिरा केला, तोही त्यांनी जिभेवर ठेवून बाजूला केला. "कडवट लागतोय," म्हणाल्या. शिऱ्यात साखर रव्याइतकीच होती.

आणखी एक झालं. त्यांनी सानवीला उचलणं सोडलं. आजी पडवीत बसली की सानवी मांडीवर चढायची. आता आजी उठून आत जायची. सानवीला वाटलं हा नवा खेळ आहे. ती आपलं लाकडी स्टूल ओढत मागोमाग आत जायची. एकदा वैदेही शाळेतून आली तर माजघरात स्टुलावर उभी राहून सानवी आजीला भरवत होती. "हा चिऊचा. हा काऊचा. तोंड उघड गो, आजी." आजीनं तोंड घट्ट मिटलं होतं आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"आई, काय होतंय तुम्हांला?"

"काही नाही. मिरची लागली."

वाटीत दहीभात होता.

हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा वैदेही घाबरली. वडिलांचंही असंच झालं होतं, शेवटी शेवटी. एक माणूस असं डोळ्यांदेखत कमी होताना तिनं बघितलेलं होतं. कलमाची तिला रोज आठवण यायची. पण आता त्याच्या आधी आईंच्या मनगटांची यायची.

रविवारी ती मागे धुण्याच्या दगडावर कपडे धूत होती. सानवीची चड्डी आपटता आपटता तिचं लक्ष खाली गेलं. धुण्याचं पाणी सतत जातं म्हणून त्या बाजूला बारा महिने हिरवं असायचं. आताही होतं, पण एक पट्टा सोडून. मागच्या दारापासून दगडापर्यंत, आणि दगडापासून सानवी भातुकली मांडते त्या फणसाखालच्या जागेपर्यंत, वाटेच्या दोन्ही अंगांना गवत मुळापासून गेलं होतं. पट्ट्याची रुंदी फवाऱ्याच्या रुंदीइतकी. ती रोज तिथून जात होती. दोषी माणूस शोधायला निघालं की नजर कुंपणाबाहेरच जाते.

मग तिला मार्गशीर्षातलं फुरसं आठवलं. त्या दगडाच्या कडेला वेटोळं करून बसलेलं, सानवीच्या भातुकलीपासून हातभर अंतरावर. सदूनं येऊन ते काठीनं उचलून नेलं होतं. आई त्या दुपारी सानवीला छातीशी धरून बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत. आठवड्यानं वाट एकदम साफ दिसली, तेव्हा वैदेहीला वाटलं यज्ञेशनं केलं. तिनं त्याचं कौतुकही केलं होतं, आणि त्यानं ते मान खाली घालून स्वीकारलं होतं.

पुढचं कळायला विज्ञान लागत नव्हतं. जिनं आयुष्यात उरलेली आमटी कधी फेकली नाही, ती बाई उरलेलं औषध फेकणार होती थोडीच? उद्या न्हाणीमागे मारू म्हणून तसंच टाकीत ठेवलं असणार. त्याच रात्री सानवीला ताप भरला होता. मग कोण न्हाणी आणि कोण पंप.

वैदेहीला राग आला. खरा आला. आत जावं आणि ओल्या हातांनी त्या म्हातारीला खांद्याला धरून विचारावं, की झाडच ते, असं म्हणालात ना? ती उठलीही. पण उठताना तिला दुसरं चित्र दिसायला लागलं. घरात कुणी नाही. गुडघे आखडलेली बाई, जिला चार पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागतं, ती पाठीवर भरलेला पंप घेऊन एकेक पाऊल टाकत फवारत चालली आहे. कशासाठी, तर एवढ्याशा दोन पायांसाठी. आणि कळलं तेव्हा सांगायची हिंमत नाही, कारण सून नारळ उचलून निघाली.

राग गेला नाही. त्याला बसायला जागा सापडेना, इतकंच. आणि या गडबडीत दुकानदाराचं ते शेवटचं वाक्य तिला आत्ता, इतक्या उशिरा, ऐकू आलं.

दुपारी पानं वाढली. यज्ञेश रविवारीही कामावर होता. आईंनी भात कालवला आणि तसाच ठेवला.

"उद्या मी नारळ मागे घेते," वैदेही म्हणाली.

आईंचा हात थांबला. "का? सापडलं का कोण?"

"नाही."

"मग?"

"कंटाळा आला."

"असं कसं?" आई म्हणाल्या. "देवीला काय वाटेल?"

"तिलाही कंटाळा आला असेल."

सकाळी शाळेत रजा टाकून वैदेही निघाली तेव्हा त्या नऊवारी नेसून रिक्षात आधीच बसल्या होत्या. सानवीला हरिश्चंद्रकाकांकडे ठेवलं. काका शब्दकोड्यात तिची मदत घेत होते.

भागोजींना मागणी समजायला वेळ लागला. "मागे घ्यायचा? भरपाई मिळाली?"

"नाही."

"कबूल झाला का कोण?"

"नाही."

"मेला?"

"नाही हो."

भागोजींनी डोकं खाजवलं. "बघा वहिनी, तडजोडीचं गाऱ्हाणं आहे माझ्याकडे. भरपाईचं आहे. माणूस गेला तर त्याचंही आहे. हे असं काहीच न होता उचलायचं, हे आमच्या वडिलांनी कधी घातलेलं मी ऐकलं नाही. देवीला कारण काय सांगू?"

"ज्यानं केलं त्याला कळत नव्हतं, असं सांगा."

"आणि कळत असलं तर?"

वैदेहीनं विचार केला. "तरी उचला."

"हे मात्र देवीला विचित्र वाटेल," भागोजी म्हणाले. पण त्यांनी नारळाला हात लावला आणि शब्द जुळवत, अडखळत सुरू केलं. "हे देवी नवलाई, ह्या लेकीनं तुझ्यापुढे नारळ ठेवला होता. ज्या कुणी तिच्या पंपात औषध घातलं, त्यानं ते जाणूनबुजून केलं नसेल..."

"नसेल नको. नाही केलं म्हणा."

"...नाही केलं. तिची त्याच्याविषयी तक्रार नाही. त्याला आता मोकळं कर."

इथे "व्हय महाराजा" म्हणायचं होतं. वैदेहीनं म्हटलं. आईंचे ओठ हलले, पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"ते मी केलं."

भागोजींनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं.

"आता नाव आलं," ते नाराजीनं म्हणाले. "आता परत पहिल्यापासून घालावं लागेल."

"नको," वैदेही म्हणाली. "घातलंत तेच राहू दे."

आई खांबाला धरून खाली बसल्या. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही एवढे दिवस बोलला नाहीत. मी कालपासूनच गप्प आहे."

"मी सांगणार होत्ये. रोज सांगणार होत्ये. तुझ्या बाबांचं झाड. त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, लक्ष ठेवा हो म्हणून. मी काय तोंडानं सांगू?" त्यांचा आवाज बारीक झाला. "पोरीला हात लावायची भीती वाटायची. माझ्यावरचं तिच्यावर जाईल असं वाटायचं."

वैदेही त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. तिनं त्यांच्या पदराला लागलेलं रिक्षाचं ग्रीस पुसायला घेतलं. ते निघालं नाही, पसरलं. भागोजी फोन घेऊन बाहेर पायरीवर गेले.

परतताना रिक्षा खडबडत चालली होती. आईंनी विचारलं, "जगेल का गो कलम?"

"नाही बहुतेक."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "रागावल्येस ना माझ्यावर?"

"हो."

"मग नारळ का उचललास?"

"राग माझा आहे," वैदेही म्हणाली. "तो मी बघेन. देवीला कशाला त्यात."

आईंनी यावर विचार केला. मग वारा लागतोय म्हणून तिच्या डोक्यावरून ओढणी नीट केली, आणि आपण काही विशेष केलं नाही असं दाखवत बाहेर बघायला लागल्या.

"सदूकडे थांबूया," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "त्याला मी सांगत्ये."

"तुम्ही काय सांगणार? बोलायची बंद मी झाल्ये."

"तू आधी की मी आधी?"

हे ठरायच्या आत रिक्षा सदूच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, उभी राहिली. सदू गुरांमागे गेला होता. विमला अंगणात कुळीथ पाखडत बसली होती. तिनं वर बघितलं. एक सून, एक सासू, दोघींचे डोळे लाल, दोघी बेड्यापलीकडे उभ्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसतायत. तिनं सूप खाली ठेवलं, पदर झटकला आणि चहाच्या आधणात आणखी दोन कप पाणी ओतायला आत गेली.